स्वस्त खेळ

बदलीच्या नोकरीत नव्या गावी आल्यावर घर, शाळा आणि दूधवाला यांच्यापाठोपाठ मुलांच्या खेळाचा प्रश्न उभा राहतो. अड्यारला येताच आमच्या चिरंजीवांनी टेनिसचा हट्ट धरला. फी, रॅकेट, बूट आणि परगावच्या स्पर्धांचा प्रवास यांची कागदावर बेरीज केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणालो, "एखादा स्वस्त खेळ पाहू."

पण खेळ महाग होतो तो कोठे? खाशाबा जाधवांना गोळेश्वरच्या तालमीतील माती महाग पडली नव्हती. महाग पडला तो हेलसिंकीचा रस्ता. १९५२ साली त्यासाठी वर्गणी जमवावी लागली, आणि कोल्हापुरातील त्यांच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवले. बुद्धिबळाचा पट तर कोणासही परवडेल. याच शहरात १९७२ साली मॅन्युएल ॲरन यांनी सुरू केलेल्या ताल क्लबात विश्वनाथन आनंद लहानपणी खेळले. तरीही २०२४ साली जगज्जेता झालेल्या गुकेशसाठी त्याच्या डॉक्टर वडिलांना आपला व्यवसाय बाजूस सारून त्याच्याबरोबर हिंडावे लागले.

चुरसच नको, मुलांनी नुसते बागडावे, असे म्हणणारे सज्जन आहेत. मला ते पटत नाही. बरोबरीच्या मुलाकडून हरणे हे शिक्षण घरात मिळत नाही. घरात सारेच त्याला जिंकू देतात. परंतु जेथे फी भरणाराच उतरू शकतो, तेथे जिंकणाऱ्याने नक्की कोणाला हरवले? जे आलेच नाहीत, ते त्याच्याहून चपळ नव्हते कशावरून?

हा विचार मला फार उदात्त वाटू लागला होता. इतका, की माझ्या काटकसरीला मी तत्त्वाचे नाव देत आहे, हे ध्यानी यावयास आठवडा लागला.

दरम्यान चिरंजीव ऊरूर कुप्पमच्या कोळ्यांच्या मुलांत जाऊ लागले. ती मुले वाळूत सडुगुडु खेळतात, म्हणजे आपला हुतुतूच. भाषा कळत नाही. पकड मात्र कळते. परवा सदरा फाडून, गुडघे सोलून घेऊन आला. मी विचारले, "हरलास?"

"रोजच हरतो. त्यांच्यातला एकजण फारच चपळ आहे, बाबा. त्याला मोठ्या स्पर्धेला कोण नेणार?"

मी उत्तर दिले नाही. टेनिसचा कागद अद्याप खिशातच होता.