फादरांना चाळिशी लागली

प्रिय बंधुभगिनींनो,



गेल्या तीन रविवारांपासून तुमच्या धर्मगुरूच्या नाकावर एक नवा पाहुणा येऊन बसला आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पहिल्या रविवारी मिस्सा झाल्यावर वेदीसेवक मुलांची कुजबूज माझ्या कानावर आली, "फादर आता म्हातारे झाले." (कान अजून शाबूत आहेत, हे त्या मुलांनी ध्यानात ठेवावे!) एका आजीबाईंनी मात्र दारात थांबवून सांगितले, "फादर, आता तुम्ही खरे शिकलेले दिसता." सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, तिला जे जमले नाही ते दोन काचांनी करून दाखवले.

आपली मराठी मोठी गमतीची आहे. ती चाळीस वर्षांच्या वयाला चाळिशी म्हणते आणि त्या वयात लागणाऱ्या चष्म्यालाही चाळिशीच म्हणते. वय आले की भिंग आले, त्यात लपवायचे काय, असे आपल्या वाडवडिलांनी एका शब्दात सांगून ठेवले आहे. मी मात्र शेहेचाळीस वर्षांचा झालो तरी ते लपवत होतो. आज त्याचाच कबुलीजबाब तुमच्यापुढे देतो. नेहमी तुम्ही देता आणि मी ऐकतो, आज उलटे होऊ द्या.

सुरुवात झाली दोन वर्षांपूर्वी. चर्चच्या अंगणातून मलंगगडाचा सुळका मला स्वच्छ दिसत होता. प्रवचन चालू असताना शेवटच्या बाकावर कोण डुलक्या घेतो, तेही दिसत होते. पण हातातल्या पुस्तकातली अक्षरे मुंग्यांसारखी सरकू लागली. मी काय केले? आधी वेदीजवळची ट्यूबलाइट बदलून घेतली. मग हे पत्रक छापून आणणाऱ्या बंधूंना सांगितले की शाई फिकी पडते. त्यांनी बिचाऱ्यांनी शाई गडद करून आणली. मग मी पुस्तक हळूहळू लांब धरू लागलो. शुभवर्तमान बरेचसे पाठ असल्यामुळे निभावत होते. कोणी विचारलेच, "फादर, दिसत नाही का?" तर माझे उत्तर ठरलेले, "छे, छे, चांगले दिसते."

आणि मग एक संध्याकाळ अशी आली की निभावले नाही. आपल्या धर्मग्रामातल्या एका बंधूच्या पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा होती. हेतूंची चिठ्ठी माझ्यापुढे होती. तिच्यावर दोन नावे होती, एक मृताचे आणि दुसरे मिस्सा लावणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाचे. दोन्ही नावे एकाच अक्षराने सुरू होणारी. मी डोळे बारीक केले, एक नाव वाचले, आणि तिसऱ्या बाकावर धडधाकट बसलेल्या धाकट्या भावाच्या आत्म्याला चिरशांती मागून मोकळा झालो! चर्चमध्ये हशा पिकला. तो भाऊही हसला. काय झाले ते कळल्यावर मीही हसलो.

हसली नाही ती एकच व्यक्ती, त्या बंधूची पत्नी. मिस्सेनंतर त्या वेदीमागच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "फादर, चूक कोणाचीही होते. पण आज त्यांचे नाव चर्चमध्ये घेतले जाईल म्हणून मी दोन्ही मुलांना रजा काढायला लावली होती. नाव काही झाले नाही." आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याच आठवड्यात पुन्हा मिस्सा अर्पण केली आणि ते नाव नीट, सावकाश उच्चारले. चष्मा लावून.

बंधुभगिनींनो, दोष माझ्या डोळ्यांचा नव्हता. डोळ्यांनी आपले वय केव्हाच प्रामाणिकपणे सांगितले होते. खोटे बोलत होती ती जीभ. आपल्याला वाटते, स्वतःचे उणे झाकले तर कोणाचे काय बिघडते? बिघडते. आपल्या लहानशा अभिमानाची किंमत बहुधा दुसराच कोणीतरी मोजत असतो.

त्या रात्री मी संत मार्कच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढला. बेथसैदा गावात लोक एका आंधळ्याला येशूकडे आणतात. प्रभू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावतो, त्याच्यावर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसते का? तो माणूस वर पाहतो आणि खरे ते सांगतो. माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. प्रभू पुन्हा त्याच्या डोळ्यांवर हात ठेवतो, आणि मग त्याला सगळे स्वच्छ दिसू लागते. असा दोन टप्प्यांत बरे होण्याचा प्रसंग चारही शुभवर्तमानांत हा एकच आहे.

क्षणभर विचार करा, तो माणूस तुमच्या फादरांसारखा असता तर? समोर साक्षात प्रभू, भोवती शिष्यांची गर्दी. "छे, छे, प्रभू, चांगले दिसते!" असे म्हणून तो उठला असता आणि जन्मभर माणसांना झाडे समजत फिरला असता. दुसरा स्पर्श त्याला मिळाला, कारण पहिल्या स्पर्शानंतरही आपली दृष्टी अर्धवट आहे हे त्याने संकोच न करता सांगितले. प्रभू प्रश्न विचारतो तो आपली परीक्षा घेण्यासाठी नव्हे, मदत करता यावी म्हणून. घरची माणसे विचारतात तेही त्याचसाठी.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला हे प्रकरण समजावून सांगितले. आपल्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. जवळचे पाहायचे असले की ते फुगीर होते, लांबचे पाहायचे असले की चपटे. लहानपणी ते इतके लवचिक असते की पोर पुस्तक नाकाशी धरूनही वाचते. वर्षे सरतात तसे ते ताठर होत जाते, आणि चाळिशीच्या सुमारास जवळच्या वस्तूसाठी त्याला पुरेसे फुगता येत नाही. हा रोग नव्हे. फार वाचल्याने तो होत नाही आणि चष्मा लावल्याने वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे १८० कोटी लोकांना अशी चाळिशी लागलेली आहे. एवढ्या मोठ्या मंडळीत आपण एकटे कसे पडणार?

सेमिनरीत शिकलेला ॲरिस्टॉटल इथे थोडा उपयोगी पडला. तो म्हणतो की म्हाताऱ्याला तरुणाचा डोळा मिळाला तर तो तरुणासारखाच पाहील. म्हणजे थकते ते साधन, पाहणारा नव्हे. परीक्षेत मी यावर दोन पाने लिहिली होती. अर्थ कळायला नंबर लागावा लागला.

पण डॉक्टरांचे एक वाक्य माझ्या मनात घर करून बसले. लवचिकपणा गेला की आधी जवळचे दिसेनासे होते. हे फक्त डोळ्यांचेच आहे का? चाळिशी-पन्नाशीत आपल्याला दिल्लीचे राजकारण स्वच्छ दिसते, शेजाऱ्याच्या घरातले भांडण दिसते, दुसऱ्या धर्मग्रामातल्या फादरांच्या चुकाही दिसतात. पण सकाळी अंधारात उठून डबा करून देणाऱ्या पत्नीचा थकवा दिसत नाही. दाराच्या आत येऊन मुकाट्याने जेवणारा मुलगा आतून कशाने पोखरला आहे, ते दिसत नाही. पहाटेची लोकल पकडून जाणारा आणि रात्री उशिरा परतणारा बाप घरच्यांसाठीच राबत असतो, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी राबतो तेच पुसट होतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

बायबलमधला एली याजक आठवा. त्याची नजर म्हातारपणी मंद झाली होती. स्वतःच्या मुलांचे वागणे लोक त्याच्या कानावर घालत होते, त्याने बोलूनही पाहिले, पण त्यांना आवरले नाही. मात्र त्याच एलीने रात्री तीनदा उठून आलेल्या लहान शमुवेलाला ओळखून सांगितले की तुला हाक मारणारा देव आहे. नजर मंद झाली म्हणून माणूस निकामी होत नाही. जवळच्यांकडे डोळेझाक केली तर मात्र घर बुडते.

चष्म्याशी आपल्या धर्मसभेचे जुने नाते आहे, हे मला अलीकडेच कळले. इटलीतले डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्दानो यांनी १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये प्रवचन करताना सांगितले होते की चष्मे बनवण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. (चष्म्यावर प्रवचन करणारा मी पहिलाच नाही, एवढे समाधान!) त्याच काळात पिसा शहरात अलेस्सांद्रो देल्ला स्पिना नावाचे दुसरे डॉमिनिकन बंधू होते. ज्याने चष्मा प्रथम बनवला त्याला ती युक्ती कोणाला सांगायची नव्हती. या बंधूंनी तो पाहून स्वतः बनवला आणि आनंदाने सर्वांना शिकवला, अशी नोंद त्यांच्या मठाच्या इतिहासात आहे. पुढे १३५२ साली त्रेविझो येथे एका चित्रकाराने कार्डिनल ह्यूज यांना चष्मा लावलेले रंगवले. हे कार्डिनल १२६३ सालीच, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वीच, वारले होते! पण विद्वान दिसायला हवेत ना. आपल्या आजीबाईंचे मत फार जुने आहे म्हणायचे.

मला त्या पिसाच्या बंधूंचा आनंद महत्त्वाचा वाटतो. कारण चाळिशी सर्वांना लागते, चष्मा सर्वांना मिळत नाही. मला तो लागला तेव्हा माझी फक्त फजिती झाली. आपल्यातल्या एका भगिनीने सुईत दोरा ओवता येईना म्हणून शिलाईकाम सोडले आणि घरी सांगितले की कंटाळा आला. इथल्या कारखान्यांत पॅकिंग, जुळणी, तपासणी अशी डोळ्यांची कामे करणारे आपल्यात कितीतरी आहेत. आसाममधील चाळीस वर्षांवरील ७५१ चहामळा कामगारांचा एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला, त्यांचे काम चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढले. तेच हात, तीच पाने, फक्त दोन काचा जास्त.

म्हणून तीन विनंत्या करतो. पहिली, चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळे तपासून घ्यावेत. चाळिशी स्वतः निरुपद्रवी आहे, पण काचबिंदू बहुधा दुखत-खुपत नाही आणि गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी तर टाळाटाळ करूच नये. दुसरी, चर्चच्या दाराशी एक टोपली ठेवली आहे. घरी पडून असलेले चांगले चष्मे तिच्यात टाका. ज्यांना चष्म्याचा खर्च जड जातो त्यांनी मला एकट्याला गाठून सांगावे. तुमचे नाव कोणाला कळणार नाही, आणि मी ते चुकीचे वाचणारही नाही. तिसरी, आज घरी गेल्यावर जेवायला बसाल तेव्हा समोरच्या चेहऱ्याकडे जरा नीट पाहा आणि विचारा, "बरे आहे ना?" उत्तर "छे, छे, चांगले आहे" असे आले तर पुन्हा एकदा विचारा. प्रभूनेही दुसऱ्यांदा हात ठेवला होता.

या रविवारपासून हे पत्रक एक माप मोठ्या अक्षरांत छापले आहे. शाई पहिल्याच दिवसापासून चांगली होती. छापणाऱ्या बंधूंची मी इथे जाहीर क्षमा मागतो.

हे प्रभू येशू, आमचे केस पिकू देत, नजर अधू होऊ दे, पण तुझ्यापुढे आणि एकमेकांपुढे खरे बोलण्याची लाज आम्हांला वाटू देऊ नकोस. आमच्या डोळ्यांवर पुन्हा एकदा हात ठेव. आमेन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू