दारातली चांदणी आणि तांब्याचा पत्रा

शंका : आम्ही भिलाईला पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. हरेलीच्या दुसऱ्या दिवशी उंबऱ्यासमोर कुंकवाने काढलेली सहा कोनांची चांदणी आणि मधोमध कापलेलं लिंबू दिसलं. सासूबाई म्हणतात, ही करणी आहे. मागच्या क्वार्टरमधल्या, एकट्या राहणाऱ्या बाईंवर त्यांचा संशय आहे. काय करावं?
– एक गृहिणी, भिलाई

समाधान : ताई, आधी ते लिंबू उचलून टाका, पाणी घालून उंबरा धुवा आणि त्या बाईंचं नाव या संदर्भात घरात पुन्हा निघू देऊ नका. बाकी सगळं त्यानंतर.

टोक वर असलेला त्रिकोण शिवाचा, खाली असलेला शक्तीचा, असं आपल्याकडचे उपासक मानतात. दोन्ही एकमेकांत गुंफले की षट्कोण होतो. तो आपल्या रांगोळीत आहे, दिल्लीला हुमायूनच्या मकबऱ्यावर कमानींच्या बाजूला आहे. ज्यू लोक त्याला दाविदाची ढाल म्हणतात. अरबी कथांत तो सुलेमान बादशहाच्या अंगठीवरचा शिक्का, ज्याच्या बळावर तो जिनांना हुकूम सोडत असे. इतक्या लोकांनी रक्षणासाठी जवळ केलेली आकृती तुमच्या दारात येऊन वाईट कशी होईल? कोणी काढली ते मला सांगता येणार नाही, पण ती काय आहे ते सांगता येतं : कुंकवाच्या सहा रेघा.

आणि दिवस कोणता होता पाहा. छत्तीसगढातली हरेली म्हणजे तिथल्या पंचांगाची श्रावण अमावस्या. आपल्या पंचांगात तीच आषाढ अमावस्या, दिव्यांची अवस. आपण दिवे घासूनपुसून पुजतो, त्याच दिवशी तिथले शेतकरी नांगर-कुदळ धुऊन पुजतात, दाराला कडुलिंबाची डहाळी खोचतात, लोहार चौकटीत खिळा ठोकून जातो. गावाकडे बायका भिंतींवर शेणाने माणसं-जनावरं रेखाटतात, त्याला सवनाही म्हणतात. पावसाळ्यात रोगराईने घरात शिरू नये, एवढीच त्यामागची इच्छा. मला त्या आकृती फार लोभस वाटतात.

पण याच रात्रीशी टोनहीची, म्हणजे चेटकिणीची भीतीही जोडलेली आहे, आणि त्या भीतीपायी बायकांना मारहाण झाली आहे, जीवही गेले आहेत. म्हणून छत्तीसगढाने २००५ साली टोनही प्रताडना निवारण कायदा केला. एखाद्या बाईला टोनही ठरवलं तरी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्यावरून तिला छळलं तर पाच वर्षांपर्यंत. सासूबाईंना हे धाकाने नको, शांतपणे सांगा. त्यांच्या भीतीची चेष्टाही करू नका. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून रामरक्षा म्हणा. तेही कवचच आहे, आणि ते म्हणायला कोणाला वैरी ठरवावं लागत नाही. जमलं तर हळदीकुंकवाला त्या बाईंना बोलवा.

शंका : मुलाच्या अभ्यासासाठी एकाने तांब्याच्या पत्र्यावरचं पंधरिया यंत्र बरेच पैसे घेऊन दिलं. आता म्हणतो, दर तीन महिन्यांनी पैसे भरून ते ‘जागवलं’ नाही तर उलटेल. विसर्जन केलं तर दोष लागेल का?
– एक पालक, दुर्ग

समाधान : नाही, मुळीच नाही.

तुमच्या पत्र्यावर नऊ घरांत १ ते ९ आकडे आहेत आणि आडवी, उभी, तिरपी बेरीज १५ येते. ही मांडणी खरोखर जुनी आणि सुंदर आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत सोळा घरांचा चौकोन दिला, तो अत्तरासाठी सुगंधी द्रव्यांची प्रमाणं ठरवायला. वृंदाच्या सिद्धयोग या वैद्यकग्रंथात नऊ घरांचा चौकोन येतो, तो बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चौतीस बेरजेचा कोरलेला आहे. नारायण पंडिताने तर १३५६ साली गणितकौमुदीत या चौकोनांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

मुलाला घेऊन बसा आणि विचारा, मधे ५ च का? सगळ्या आकड्यांची बेरीज ४५. मधल्या घरातून जाणाऱ्या चार ओळींची मिळून ६०. त्या चार ओळींत बाकीची घरं एकदाच येतात, मधलं मात्र चारदा, म्हणजे तीनदा जास्त. जास्तीचे १५ तीन वेळांत वाटले की ५. हे त्याला स्वतःला सुटलं, तर ज्या अभ्यासासाठी तुम्ही पैसे मोजलेत त्याची सुरुवात तिथेच झाली.

श्रद्धेने यंत्र पुजणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. श्रीयंत्रासमोर बसणारा उपासक नऊ त्रिकोणांवरून नजर आत आत नेत बिंदूशी मन थांबवतो. त्याला कोणी हप्ता मागत नाही. ‘उलटेल’ हा शब्द उपासनेचा नव्हे, वसुलीचा आहे. अशा वस्तूंना अलौकिक शक्ती असल्याचा दावा करून टीव्हीवर जाहिरात करणं बेकायदा असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या आधारे दिला आहे. तुमच्या राज्याला तो कायदा लागू नसला, तरी पुढचा एक पैसाही देऊ नका. त्याने धमकावलं तर पोलिसांत जा.

आणि पत्रा शिवनाथेत सोडू नका, नदीला तांब्याचं काम नाही. मन होत असेल तर देवघरात राहू द्या, नसेल तर मोडीत घाला.