खेळून काय मिळतं?



मागच्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातले एक वडील आम्हांला भेटले. मुलगी नववीत, शाळेच्या संघात हॉकी खेळते. त्यांनी सरळ विचारले, "फादर, खेळून तिला काय मिळणार?" आम्ही पटकन उत्तर दिले : राज्य पातळीवर पोहोचली तर दहावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण. ते समाधानाने गेले. आमचे मात्र समाधान झाले नाही. राज्य पातळीवर न पोहोचणाऱ्या मुलीचे काय?

झारखंडमधल्या सिमडेगा आणि खुंटी या जिल्ह्यांत मिशनच्या शाळांनी आणि गावांनी हॉकी वाढवली. तिथल्या गावच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून खस्सी, म्हणजे बोकड, देतात. (आपल्याकडे चषक देतात, बोकड अधिक उपयोगी, असे आमचे मत!) त्या भागाचे जयपालसिंग मुंडा १९२८ साली ऑलिम्पिकमध्ये भारताचे कर्णधार होते. महिलांची हॉकी ऑलिम्पिकमध्ये आली तीच १९८० साली. आणि खुंटीची निक्की प्रधान तिथे पोहोचली २०१६ साली. बांबूच्या काठीने खेळायला शिकलेली सिमडेग्याची सलीमा टेटे २०२१ साली टोकियोत चौथ्या आलेल्या संघात होती. २०२४ साली ती भारताची कर्णधार झाली.

याच जिल्ह्यांतून कितीतरी मुलींना दलाल घरकामासाठी दिल्लीला नेतात आणि फसवतात. तिथे हॉकीची काठी म्हणजे वसतिगृह, दोन वेळचे जेवण, कदाचित रेल्वेत नोकरी. तिथल्या आईला 'खेळ खेळासाठीच असतो' असे सांगणे म्हणजे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान. सेमिनरीत आम्हीही ते पुष्कळ केले आहे. तेव्हा नोकरीचा विचार हलका नाही, हे मान्य करू या.

पण एका मैदानावरून टोकियोला एखादीच जाते. बाकीच्यांची ती वर्षे वाया गेली का? संत थॉमस अक्विनास यांच्या मते शरीराला जशी विश्रांती लागते तसा मनाला खेळ लागतो, आणि ज्याला खेळ मुळीच नको त्याच्यातही दोष आहे. जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेले यरुशलेम पाहिले, तेव्हा त्याच्या चौकांत मुलगे आणि मुली खेळत होत्या. मुलींचा त्याने वेगळा उल्लेख केला आहे. त्या कोणती स्पर्धा जिंकत होत्या, हे मात्र तो सांगत नाही.

मुलग्याला संध्याकाळी क्रिकेट खेळताना पाहून 'काय मिळणार?' असे आपण सहसा विचारत नाही. मुलीच्या तासाचाच हिशेब मागतो. आम्हीही त्या वडिलांना हिशेबच दिला.

त्यांना आम्ही पुन्हा बोलावले आहे. दरम्यान, चर्चमागच्या मैदानावर मंगळवारी आणि गुरुवारी पाच ते सात फक्त मुली खेळतील. क्रिकेटवाल्यांनी समजून घ्यावे, आणि त्या वेळी तिथे मोटारी लावू नयेत.

आपले,
धर्मगुरू