भरपाईची घाई

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे नातेवाईक बहुतेक वेळा एकच सांगतात : 'झालं ते झालं, आता सगळं भरून काढ.' सांगणाऱ्याच्या मनात माया असते. ऐकणाराही मान डोलावतो, कारण त्याला तेच हवं असतं. बुडालेले पगार, गहाण पडलेलं मंगळसूत्र, पतसंस्थेचे थकलेले हप्ते, शाळेच्या एकाही पालकसभेला न गेलेला बाप. मग तो ठरवतो : सहा महिन्यांत कर्ज फेडायचं, ओव्हरटाइम करायचा, पहाटे उठून धावायचं, बायकोचा विश्वास परत मिळवायचा. ही यादी अगदी मनापासून केलेली असते. तरीही सुरुवातीच्या महिन्यांत हीच यादी माणसाला पुन्हा गुत्त्याच्या दारात नेऊ शकते.

आधी शरीराचं पाहू. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, भास होतात. घरच्या घरी सोडण्याचा हट्ट जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिलं ध्येय एकच : डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू थांबवणं. हा टप्पा बहुधा आठवडाभरात ओसरतो. झोप, एकाग्रता, रागावरचा ताबा आणि पुढचा बेत आखण्याची ताकद पूर्ववत व्हायला मात्र महिनोन् महिने लागतात. दरम्यान माणूस बाहेरून ठणठणीत दिसू लागतो. अंग धरतो, चेहऱ्यावर तजेला येतो. घरच्यांना वाटतं, बरा झाला. नेमकं तेव्हाच त्याच्या डोक्यावर सगळ्यात मोठं ओझं येतं. ते पेलवलं नाही की ताण येतो, आणि ताणावर त्याला इतकी वर्षं एकच उतारा ठाऊक आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या प्रक्रियेवर एक महत्त्वाचं पुस्तक सिद्ध केलं. त्यांच्या मांडणीनुसार एखादा चुकलेला घोट आणि पूर्ण घसरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या क्षणी माणूस स्वतःला काय सांगतो, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. 'माझ्यात दमच नाही, संपलं सगळं' असं त्यानं मनाशी म्हटलं, की एका पेगाची बाटली होते. 'सगळं किंवा काहीच नाही' अशा बेताची ध्येयं हेच वाक्य त्याच्या तोंडी आयतं देतात. एक हप्ता चुकतो, बायको एकदा संशयानं तोंडाचा वास घेते, आणि सहा महिन्यांचा संकल्प एका संध्याकाळी कोसळतो. विश्वास परत मिळवणं तर त्याच्या एकट्याच्या हातातही नाही. तो देणारं माणूस दुसरं आहे, आणि त्या माणसाच्या जखमा अजून ओल्या आहेत.

मोठ्या संकल्पांचा हा धोका फार आधी ओळखला होता तो स्वतः दारूत बुडालेल्या दोघांनी. १९३५ साली ओहायोतल्या ॲक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले, आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभं राहिलं. आज महाराष्ट्रातही त्याच्या मीटिंगा भरतात. तिथे आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. 'फक्त आजचा दिवस' एवढंच सांगतात. आपल्याकडे मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. ती मोडली की दारूच्या जोडीला पोराच्या जिवाची धास्ती आणि अपराधीपणा पोखरायला लागतो. माळ घातल्यावर सुटलेले लोकही गावोगावी आहेत. त्यांना निव्वळ शपथेनं तारलेलं नसतं; रोजचा हरिपाठ, एकादशी, भजनाची सोबत आणि वारी यांनी त्यांच्या दिवसाला वळण दिलेलं असतं.

रोजच्या मापाचं ध्येय म्हणजे नेमकं काय? पगाराचा दिवस घ्या. कारखान्याच्या गेटपासून स्टँडपर्यंत वाटेत दोन बार आहेत. त्या दिवशीची ध्येयं अशी असतील : एटीएम कार्ड आणि फोनवरचं पैशांचं ॲप आपण होऊन काही महिने बायकोकडे द्यायचं. खिशात बसभाड्यापुरतेच पैसे ठेवायचे. कामावरून सुटण्याआधी डब्यातलं काहीतरी खाऊन घ्यायचं, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा जोखमीच्या. स्टँडकडे एकट्यानं न जाता न पिणाऱ्या सोबत्याबरोबर निघायचं आणि थेट मीटिंग गाठायची. यातली प्रत्येक गोष्ट त्याच्या हातातली आहे. ती झाली की नाही, हे रात्री स्वच्छ सांगता येतं. नाही झाली तर पुन्हा करता येते.

मग कर्जाचं काय, दुखावलेल्यांचं काय? नुसती माफी मागून मोकळं होता येत नाही. भरपाई करावीच लागते. पण अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमात दुखावलेल्या माणसांची यादी आठव्या पायरीवर येते आणि प्रत्यक्ष भरपाई नवव्या. आधी स्वतःचा ठाव घ्यायचा, चुका कुणाजवळ तरी मोकळेपणानं बोलायच्या, मग दुसऱ्याच्या दारात जायचं. हा क्रम अनुभवातून आला आहे. पाय रोवलेला माणूस छोटा हप्ता ठरवतो आणि तो भरतो. घाईतला माणूस मोठा शब्द देतो आणि पुन्हा खोटा ठरतो.

आणखी एक ध्येय यादीत असलं पाहिजे, आनंदाचं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं, १९८६ मध्ये पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. अनिल अवचट स्वतः बासरी वाजवत, लाकडात कोरीव काम करत, कागदाच्या घड्यांतून आकार घडवत. असा छंद म्हणजे चैन नव्हे. दारू सुटलेल्या माणसाची संध्याकाळी सात ते दहा ही वेळ भयाण रिकामी असते. त्या वेळेत तबला शिकणं, कुंड्यांना पाणी घालणं, पोराबरोबर कॅरम खेळणं हाही उपचारच आहे. नुसत्या कर्तव्यांनी भरलेलं आयुष्य फार दिवस गोड लागत नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार, दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलाही उपचार मिळतो. तुमच्या घरातला माणूस तो दुर्मीळ एक असेल, तर त्याला जपणं हे त्याच्याइतकंच आपलंही काम आहे. दिवाळी येईल. हातात बोनस येईल, मित्र 'बसायला' बोलावतील, पाडव्याला पाहुणे हिशेब काढतील. त्या वेळी 'कर्ज किती राहिलं?' असं विचारण्याऐवजी 'आज संध्याकाळी काय करणार आहेस?' असं विचारा. तो टाळत असेल तर त्याच्याबरोबर बाहेर पडा, मीटिंगपर्यंत सोडायला जा, घरात बाटली आणू देऊ नका. राहिलेले हप्ते, गमावलेला मान, मुलांचा विश्वास या सगळ्यांची वेळ येईल. ती शुद्धीत काढलेल्या दिवसांमधूनच येईल, आणि तो प्रत्येक दिवस आजच पुरेसा मोठा मानायला आपण शिकलं पाहिजे.