हमीची मुदत आणि अमानतीची मुदत

मनुष्य बाजारातून एखादी वस्तू घरी आणतो, तेव्हा वस्तूबरोबर तो बनविणाऱ्याचा व विकणाऱ्याचा शब्दही घरी आणतो. पूर्वी हा शब्द तोंडी असे. आता तो एका कार्डावर छापून मिळतो आणि त्यास आपण वॉरंटी म्हणतो. कार्डावर एक तारीख असते. त्या तारखेपर्यंत वस्तू बिघडली तर दुरुस्ती विनामूल्य. त्यानंतर सर्व भार ग्राहकाच्या शिरावर. पुष्कळ घरांचा अनुभव असा की, ती तारीख उलटून थोडे दिवस जातात न जातात तोच यंत्र बिघडते आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून घरातील माणसे हताश होतात. या हताशेमागे एक नैतिक प्रश्न आहे. हमीची मुदत संपते तेव्हा नेमके काय संपते? केवळ एक करार, की मनुष्याचे मनुष्याप्रती असलेले कर्तव्यसुद्धा?

हा प्रश्न माझ्यापुढे कपडे धुण्याच्या यंत्राच्या रूपाने उभा राहिला. यंत्र सत्तावीस हजार रुपयांस घेतले होते व हमी दोन वर्षांची होती. सव्विसाव्या महिन्यात पिळण्याच्या वेळी त्यातून घरघर येऊ लागली. कंपनीचा कारागीर आला, ड्रम हाताने फिरवून त्याने कान दिला आणि बेअरिंग गेल्याचे सांगितले. बेअरिंग ही काही शे रुपयांची वस्तू. परंतु ज्या प्लास्टिकच्या टबात ती बसविलेली असते, त्या टबाचे दोन भाग स्क्रूने न जोडता कारखान्यातच कायमचे चिकटविलेले होते. म्हणून टब आणि ड्रम सगळाच बदलावा लागेल, खर्च अकरा हजार आठशे, असे त्याने सांगितले. यंत्राच्या दर्शनी भागावर 'दहा वर्षांची हमी' हे शब्द मोठ्या अक्षरांत होते. ती हमी फक्त मोटारीची होती आणि मोटार उत्तम चालत होती.

राग येणे स्वाभाविक होते. परंतु ईमानधारकाने आपला रागही तराजूत घालून पाहिला पाहिजे. त्यातील किती भाग न्याय्य आहे आणि किती केवळ खिशाला चटका बसल्याने आलेला आहे?

प्रथम हे मान्य केले पाहिजे की वस्तू झिजणे हा अन्याय नव्हे. या सृष्टीत जे जे निर्माण झाले ते ते नाशवंत आहे. अविनाशी केवळ अल्लाह आहे. तसेच महागाई हाही स्वतःहून गुन्हा ठरत नाही. मदीनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना दर ठरवून देण्याची विनंती केली होती. आपण कोणाच्या मालाबाबत अन्याय केल्याचा दावा शिरावर घेऊन अल्लाहसमोर जाऊ इच्छित नाही, या आशयाचे उत्तर देऊन त्यांनी ती नाकारली. कारागिराला त्याच्या श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे. तेव्हा 'दुरुस्ती महाग आहे' एवढ्यावरून कोणी अपराधी ठरत नाही.

मग खटकते ते काय? खटकते ते लपविणे. धान्याच्या राशीची हदीस आपणा सर्वांना परिचित आहे. बाजारातून जाताना प्रेषितांनी (स.) एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने धान्य भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले. त्यावर त्यांनी विचारले की, भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस? आणि जो फसवितो त्याचा आपल्याशी संबंध नाही, असे बजावले. विक्रेत्याने धान्य मुद्दाम भिजविले नव्हते. तो खोटेही बोलला नव्हता. त्याचा दोष एवढाच की, ओल खाली राहिली आणि कोरडे वर आले.

व्यवहारात बरकत कशी येते हे सांगताना हदीसमध्ये दोन अटी एकत्र आल्या आहेत: विकणारा आणि घेणारा या दोघांनी खरे बोलावे आणि स्पष्ट करून सांगावे. खरे बोलणे ही एक अट आणि स्पष्ट करणे ही दुसरी. 'दहा वर्षांची हमी' हे शब्द खरे होते, परंतु स्पष्ट नव्हते. टब उघडत नाही, बेअरिंग स्वतंत्रपणे बदलता येत नाही, ही गोष्ट यंत्र घेताना कोणी सांगितली नाही. मोठ्या अक्षरांतील मोटार ही राशीच्या वरचे कोरडे धान्य आणि न उघडणारा टब ही खालची ओल.

यावर कोणी म्हणेल की, करारात मुदत लिहिलेली होती, ग्राहकाने ती मान्य केली होती, आता तक्रार कशाची? या युक्तिवादास इस्लामी इतिहासातील एक प्रसंग उत्तर देतो. इमाम मालिक (रह.) यांनी 'मुवत्ता'मध्ये तो नोंदविला आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी त्या काळच्या रूढीनुसार एक गुलाम आठशे दिरहमला विकला आणि विकताना कोणत्याही दोषाची जबाबदारी आपल्यावर राहणार नाही अशी अट घातली. आजच्या भाषेत सांगायचे तर ही हमीविना विक्री होती. पुढे घेणाऱ्याने तक्रार केली की, गुलामास एक आजार आहे आणि तो सांगितला गेला नव्हता. वाद खलीफा ह. उस्मान (रजि.) यांच्यापुढे गेला. अट मान्य झाली होती, म्हणून प्रकरण तेथेच मिटविता आले असते. परंतु ह. उस्मान (रजि.) यांनी सांगितले की, विकताना या आजाराची आपणास माहिती नव्हती अशी शपथ इब्ने उमर यांनी घ्यावी. इब्ने उमर (रजि.) यांनी शपथ घेण्याचे नाकारले आणि गुलाम परत घेतला. तो त्यांच्याकडे बरा झाला आणि पुढे पंधराशे दिरहमला विकला गेला.

अशा अटीच्या तपशिलांविषयी फुकहांमध्ये मतभेद आहेत. परंतु ठाऊक असलेला दोष दडवून ठेवणे पाप आहे, याविषयी मतभेद नाही. ह. उस्मान (रजि.) यांनी कागदावरील अटीपलीकडे जाऊन विचारले ते एवढेच: तुम्हाला ठाऊक होते काय? हाच प्रश्न आज यंत्र बनविणाऱ्यास विचारला पाहिजे. बेअरिंग साधारण किती फेऱ्यांनंतर झिजते, हे कारखान्यातील चाचण्यांतून समजते. टब चिकटविल्याने उत्पादनाचा खर्च वाचतो आणि गळती कमी होते, हे खरे असेल. परंतु त्याच निर्णयाने काही शेंचा बिघाड बारा हजारांचा होतो, हेही त्यांस ठाऊक असते. 'आम्हास हे ठाऊक नव्हते' अशी शपथ ते घेऊ शकतील काय?

कधी तर वस्तूचे आयुष्य जाणूनबुजून घटविले जाते. 1924 साली जिनिव्हा येथे विजेचे दिवे बनविणाऱ्या जगातील प्रमुख कंपन्यांनी 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला. दिव्याचे आयुष्य सुमारे एक हजार तासांवर आणावे असे त्यांनी ठरविले; वास्तविक त्याहून अधिक टिकणारे दिवे तेव्हा बनत होते. ज्या सभासदाचा दिवा ठरल्यापेक्षा अधिक जळे, त्यास दंड होई. चांगले काम केल्याबद्दल शिक्षा! ह. शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांस माप पूर्ण भरण्याची आणि लोकांच्या वस्तूंत घट न करण्याची ताकीद दिली होती. त्या काळी माप धान्याचे होते. येथे ते तासांचे होते, आणि घट मात्र तीच होती.

शासनाच्याही हे ध्यानात आलेले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'विषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबर रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासंबंधीचे पोर्टल सुरू झाले. शेतीची अवजारे, मोबाइल, वाहने आणि घरगुती उपकरणे ही क्षेत्रे त्यासाठी निवडली गेली. फसवणूक झाली असल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाचे दारही ठोठावता येते. आपला हक्क सनदशीर मार्गाने मागणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. अन्याय मुकाट्याने सोसल्याने अन्याय करणाऱ्याचेही भले होत नाही.

येथपर्यंत बोट दुसऱ्याकडे होते. परंतु माझी खरी परीक्षा पुढेच होती. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी दुकानदाराकडे गेलो. तो परिचयाचा. सहानुभूतीने म्हणाला, "चाचा, काळजी करू नका. तीन महिने पुढच्या तारखेचे बिल करून देतो, हमीत बसून जाईल." मी नको म्हटले, परंतु लगेच म्हटले नाही, हे कबूल केले पाहिजे. मनाने क्षणार्धात समर्थन शोधून काढले होते: त्यांनी आपणास फसविले, मग आपण आपलेच पैसे परत घेतो आहोत. पाठोपाठ त्याने दुसरा मार्ग सांगितला. "मग एक्स्चेंजमध्ये देऊन टाका. 'चालू स्थितीत' असे लिहू. फिरते तर आहे ना!"

फिरते तर आहे. हे शब्दही खरेच होते. फक्त स्पष्ट नव्हते. ते यंत्र उद्या एखाद्या गरीब घरात गेले असते आणि त्या घरातील बाईने महिनाभरात तीच घरघर ऐकली असती. मग धान्याच्या राशीमागे मीच बसलेला असतो. सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये ज्यांची निर्भर्त्सना आली आहे, ते लोक स्वतः घेताना माप पूर्ण भरून घेतात आणि दुसऱ्यास देताना कमी देतात. ही आयत आपण सदैव व्यापाऱ्यांना उद्देशून वाचतो. हक्क मागताना पूर्ण माप आणि सत्य सांगताना अपुरे माप, हा दोष ग्राहकातही असू शकतो, हे आपल्या मनात येत नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने एकदा सदोष कापड दोष न सांगता विकले आणि घेणारा कोण होता हेही त्यास आठवेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सर्व रक्कम दान करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात येते. त्यांस कोणी पकडले नव्हते; तक्रारीस ग्राहकही उरला नव्हता. हिशेब फक्त अल्लाहशी होता आणि त्या हिशेबाला मुदत नसते.

शेवटी यंत्र मोहल्ल्यातील एका मिस्त्रीकडे नेले. त्याने टब जोडावर करवतीने कापला, बेअरिंग व सील बदलले, कडेने बोल्ट घालून आणि सिलिकॉन भरून टब पुन्हा जोडला. एकूण बावीसशे रुपये घेतले. पैसे देताना मी विचारले, "किती दिवस टिकेल?" तो म्हणाला, "बेअरिंगचे मी सांगू शकतो, दोन वर्षे बघायला नको. जोडाचे मात्र नाही सांगू शकत. कापलेला आहे, कधी पाझरला तर घेऊन या, मजुरी घेणार नाही. खालचा पाट अधूनमधून बघत जा." त्याने कार्ड दिले नाही, तारीख लिहिली नाही. परंतु कोरडे आणि ओले दोन्ही त्याने माझ्यासमोर ठेवले होते. जोड पुढे पाझरला तरी त्याने मला फसविले असे मी म्हणू शकणार नाही.

व्यवहार असा असावा, एवढीच इस्लामची अपेक्षा आहे. वस्तू चिरकाल टिकलीच पाहिजे अशी अट शरीअतने कोणावर घातलेली नाही. जे ठाऊक आहे ते सांगावे, ही अट मात्र बनविणारा, विकणारा, दुरुस्त करणारा आणि घेणारा या चौघांवरही सारखीच आहे. आपल्यापैकी पुष्कळजण दुकान चालवितात, गॅरेज चालवितात, मोबाइल व फ्रिज दुरुस्त करतात. ग्राहकास यंत्रातील काही कळत नाही; त्याचे अज्ञान ही आपल्या हाती आलेली अमानत आहे. चालू असलेला भाग बदलल्याचे सांगून पैसे घेणे, जुना भाग नवा म्हणून बसविणे, सुटा भाग बदलून भागत असता संपूर्ण यंत्रच निकामी ठरविणे, ही त्या अमानतीतील खयानत होय.

हमीची मुदत संपते तेव्हा मोफत दुरुस्तीचे वचन संपते, आणि ते संपण्यात गैर काही नाही. सत्य सांगण्याचे कर्तव्य मात्र तारखेबरोबर संपत नाही. ते कोणी कार्डावर छापून दिलेले नाही आणि म्हणून कोणी मागेही घेऊ शकत नाही. कयामतच्या दिवशी बिलावरील तारीख विचारली जाणार नाही. तुम्हाला ठाऊक होते काय, हे विचारले जाईल. अल्लाह आपणा सर्वांना त्या प्रश्नाचे उत्तर देता येईल असे वागण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.