हात की यंत्र?

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून अण्णांची तबकड्यांची पेटी खाली काढली. अण्णा जाऊन बरीच वर्षे झाली. पेटीत वरच्या बाजूला व्हिनाइलच्या लाँगप्ले होत्या : मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, कुमार गंधर्व. सगळी आमच्याच मुलखात जन्मलेली माणसे. तळाशी मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, जड तबकड्या होत्या.

पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, "काका, माझ्याकडं तबकड्या धुवायचं मशीन आहे. सगळ्या घेऊन जातो."

मी म्हणालो, "अण्णांच्या वस्तूंना यंत्र कशाला? आपल्याला देवानं हात दिलेत."

बोलताना मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. यंत्र म्हणजे कोरडेपणा आणि हात म्हणजे माया, असे आम्ही शिक्षक मंडळी भाषणांतून नेहमीच सांगत आलो आहोत.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडे स्पिरिट मिसळून, मऊ फडक्याने, खाचांच्या दिशेने गोल पुसत मी लाँगप्ले स्वच्छ केल्या. त्या लखलखल्या. त्याच उत्साहात तळातली बालगंधर्वांची तबकडी घेतली. ती फारच मळलेली, म्हणून स्पिरिट जास्त घेतले. फडके काळे झाले. मळ निघतोय म्हणून मी आणखी जोराने पुसले. निघत होती ती तबकडीच. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते याच गुणावर. हे मला ठाऊक नव्हते असे नाही, आठवले नाही.

ती तबकडी आईच्या आवडीची. चार दिवस मी गप्प राहिलो. पाडव्याला तिनेच विचारले, तेव्हा सांगावे लागले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "अण्णा कुठल्याही गोष्टीला हात लावण्याआधी दुकानदाराला विचारून यायचे रे."

आता पुतण्याचे यंत्र श्रेष्ठ ठरले काय? तसेही नाही. यंत्र मळ ओढून बाहेर काढते, तर हाताने पुसताना तो पुष्कळदा खाचेतच दाबला जातो. एवढा गुण त्याला द्यायलाच हवा. पण त्याच्यात स्पिरिटचेच मिश्रण भरून लाखेची तबकडी ठेवली असती, तर त्याने ती तितक्याच नेमाने बिघडवली असती. समोर लाख आहे की व्हिनाइल, हे यंत्राला कळत नाही. हाताला कळू शकते; पण माझ्या हाताने विचारलेच नाही. आपली माया आहे, एवढ्यावर त्याचे भागले.

वस्तू कशाची आहे हे जाणून घेणे, हा मायेचाच पहिला भाग आहे. तो गाळला की उरतो तो आपला अभिमान. तीस वर्षे मुलांना मायेनेच रागावलो, असे मी मानत आलो. त्यांत लाखेची किती होती, हे मी कधी पाहिले होते काय? या प्रश्नाने मला त्या दिवाळीत झोप लागू दिली नाही.

उरलेल्या जुन्या तबकड्या मी कोरड्या, मऊ ब्रशने झटकून ठेवल्या आहेत. लाँगप्ले पुतण्या घेऊन गेला. ती बिघडलेली तबकडी मात्र शाळेत, माझ्या टेबलाच्या खणात आहे. एखाद्या मुलाला माझ्यापुढे उभे केले, की आधी तो खण थोडा उघडतो.