खेळाची भाषा

फेब्रुवारी २०१३ मध्यें बांगलादेशाच्या सरकारनें एक निर्णय घेतला. ‘डोरेमॉन’ ही जपानी चित्रमालिका भारतांतील मुलांसाठीं हिंदींत उतरवून डिस्नेच्या वाहिनीवरून दाखविली जात असे, आणि त्या वाहिनीचें प्रक्षेपण सीमेपलीकडील बंगाली घरांतहि पोंचत असे. बंगाली मुलें तें पाहून हिंदी बोलूं लागलीं, ही तक्रार संसदेपर्यंत गेली व सरकारनें तें प्रक्षेपण बंद केलें. बाविसाव्या शतकांतून आलेल्या एका निळ्या यांत्रिक मांजराच्या भयानें एका राष्ट्रानें दार लावून घ्यावें, हें वरवर पाहतां हास्यास्पद वाटेल. परंतु त्यांतील प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. मुलानें कोणत्या भाषेंत हंसावें, हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

बांगलादेशाला या प्रश्नाची धार इतरांहून अधिक लागावी, हें स्वाभाविकच होय. १९४८ सालीं जीनांनीं ढाक्यांत जाऊन उर्दू हीच पाकिस्तानची राज्यभाषा होईल असें बजाविलें. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं त्याच शहरांत बंगालीच्या हक्कासाठीं निघालेले तरुण पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. पुढें १९७१ सालीं तें राष्ट्र स्वतंत्र झालें, आणि १९९९ मध्यें युनेस्कोनें हाच दिवस आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून स्वीकारला. ज्या भाषेसाठीं आजोबांनीं रक्त सांडलेलें पाहिलें, ती बाजूला ठेवून नातू आपण होऊन दुसरी बोलूं लागला! उर्दू हुकुमानें आली होती, हिंदी हंसत आली. हुकुमाला नकार देतां येतो. हंसण्याला नकार कसा द्यावा?

वाहिनीचे चालक म्हणतील कीं, आम्हीं कोणावर सक्ति केली? तें खरेंच आहे. कार्टून ही वस्तूच अशी आहे कीं तिला मायदेश चिकटून राहत नाहीं. रेखाटलेल्या ओठांवर कोणतीहि भाषा बसवितां येते. म्हणूनच ‘कार्टून नेटवर्क’ १९९२ सालीं अमेरिकेंत सुरू झाली, पुढच्याच वर्षीं युरोपांत व १९९५ मध्यें भारतांत पोंचली. चित्राचा खर्च एकदांच होतो. आवाजाचा मात्र प्रत्येक भाषेगणिक नवा. तेव्हां ज्या भाषेला प्रेक्षक अधिक, तिच्यांत रूपांतर आधीं होतें, आणि लहान भाषांनीं मोठीच्या पंक्तीला बसावें लागतें. यांत बंगालीचा किंवा मराठीचा द्वेष नाहीं. केवळ जमाखर्च आहे. परंतु हेतु वाईट नव्हता एवढ्यानें परिणामाची जबाबदारी संपत नाहीं.

यावर स्वातंत्र्याचे कैवारी म्हणतात कीं, मूल आपल्या आवडीनें पाहतें, त्याच्या आवडीच्या आड कोणीं येऊं नये. परंतु मिल्ल याच्याएवढा स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता दुसरा कोण असेल? त्यानेंहि १८५९ सालच्या आपल्या ग्रंथांत हें तत्त्व वयांत आलेल्या मनुष्यांपुरतेंच लागू असल्याचें स्पष्ट केलें आहे. सहा वर्षांचें मूल निवड करतें ती ताटांत वाढलेल्या पदार्थांतून. ताट कोणीं वाढलें, हा प्रश्न त्याला सुचत नाहीं. तो आपण विचारावयाचा असतो.

मग बंदी योग्य ठरते काय? मला तसें वाटत नाहीं. बंदी हें सक्तीला उत्तर असूं शकतें. आकर्षणाला तें उत्तर नव्हे. बंदीनें चित्र थांबतें, पण त्या रिकाम्या अर्ध्या तासांत मातृभाषेंतील एकहि गोष्ट त्यामुळें जन्माला येत नाहीं. पुढें बांगलादेशांत तेंच मांजर बंगाली बोलूं लागलें, हा उपाय बंदीपेक्षां कितीतरी शहाणपणाचा. शिवाय हिंदी कांहीं शत्रु नव्हे. मुलाला आणखी एक भाषा आली तर तें श्रीमंतच झालें.

हानि आहे ती दोन भाषांत होणाऱ्या कामाच्या वांटणींत. आपल्याच घरांत पाहावें. ‘ऊठ’, ‘दांत घास’, ‘अभ्यासाला बस’, ‘आतां तें बंद कर’ हें सर्व मराठींत. आणि आकाशांत उडणें, काळाच्या यंत्रांतून मागें जाणें, मित्राची फजिती, संकटांतून सुटका हें सर्व हिंदींत. अशा रीतीनें एक भाषा शिस्तीची होते व दुसरी अद्भुताची. मूल तर्कशास्त्र शिकलेलें नसलें तरी अनुमान बरोबर काढतें: मराठी ही ऐकून घेण्याची भाषा, रमण्याची नव्हे. पुढें तें मोठें झाल्यावर मराठी पुस्तक हातीं धरीत नाहीं म्हणून आपण हळहळतों. पण त्या हळहळीचें बीज दिवाणखान्यांत, आपल्या डोळ्यांदेखत, कधींच पेरलें गेलेलें असतें.

हें अटळ आहे असेंहि नाहीं. तमिळ मुलांसाठीं ‘चुट्टी टीव्ही’ २००७ सालीं निघाली, मल्याळी मुलांसाठीं ‘कोचू टीव्ही’ २०११ मध्यें. जमाखर्च तेथेंहि होताच. परंतु आपल्या भाषेंत मुलांची करमणूक मागणारीं घरें असलीं म्हणजे हिशेबाची वहीहि तीं घरें मोजूं लागते. मागणी मुलें करीत नसतात, घरें करतात.

मातृभाषेचें प्रेम हें मुलावरचें कर्ज आहे, असें मानून तें वसूल करूं पाहणें हें मला अन्यायाचें वाटतें. भाषा आपल्याला वारशानें मिळते, पण तिच्याविषयींचा जिव्हाळा प्रत्येक पिढीला नव्यानें मिळवून द्यावा लागतो. ज्या भाषेंत आपण मुलाला केवळ आज्ञाच दिल्या, तिच्याशीं त्यानें एकनिष्ठ राहावें असें म्हणण्याचा अधिकार आपणांस नाहीं. तो अधिकार, त्या भाषेंत मुलाबरोबर बसून जो हंसला आहे, त्याचा.